कवितेच्या ओळी कॉलमच्या मापानं तोडू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांत कविता छापतात ते फार चांगलं आहे, पण ओळ कुठं तोडायची हे कवीनं ठरवायचं का कॉलमच्या रुंदीनं? आता हे बघा, समजावण्यापुरता मीच जुळवलेला अभंगाचा चौक, म्हणजे चार चरणांचं कडवं:

पेरणी झाली रे
आभाळ दाटलं
मनाला वाटलं
आला देव

मोठ्या अभंगाचा साचा हाच, सहा सहा सहा अन् चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. हेच 'पेरणी झाली रे आभाळ' एका ओळीत, 'दाटलं मनाला वाटलं आला' दुसरीत अन् खाली एकटा 'देव' असं छापलं की यमक ओळीच्या पोटात जातं अन् तो शेवटचा छोटा चरण, जिथं आवाज टेकतो, तो दिसतच नाही. आम्ही गंगाखेडची माणसं जनाबाईंचे अभंग ऐकतच मोठी झालो म्हणून चाल डोक्यात असते, कसंही छापलं तरी सावरून घेतो, पण ज्या लेकरांनी चाल ऐकलीच नाही त्यांनी काय करायचं?

आपल्याच मराठवाड्यातल्या, जालना जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थांचे मनाचे श्लोकही तसेच, भुजंगप्रयात वृत्तात बारा अक्षरांची एक ओळ अन् अशा चार ओळी, मधेच तोडलं की म्हणणारा अडखळणारच.

'सुनीत' या कवितेच्या प्रकाराचं तर फारच वाईट होतं. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत आणलेला प्रकार, चौदा ओळींचा. आठ अन् सहा अशी मांडणी असेल तर बहुतेक वेळा त्या मधल्या मोकळ्या जागेतच विचार वळतो, चार-चार-चार अन् दोन असेल तर जोर शेवटच्या दोन ओळींवर येतो, अन् छापताना ती जागा वाचवायची म्हणून सगळा ठोकळा करून टाकतात, मग वाचणाऱ्याला वळण कळणार कसं? गझलेतही दोन ओळींचा एकेक शेर स्वतंत्र असतो, मधे जागा पाहिजेच. मुक्तछंदात तर ठरलेलं वृत्त नसतं, तिथं ओळ तोडणं हेच कवीच्या हातातलं मोठं हत्यार.

म्हणून विनंती आहे की कवितेला दोन कॉलमची रुंदी द्या, नसेल जमत तर टाइप थोडा बारीक करा, अन् ओळ मावलीच नाही तर उरलेला तुकडा आत सरकवून छापा म्हणजे ती नवी ओळ नाही हे कळंल. कडव्यांमधली जागा मात्र खाऊ नका, त्यापेक्षा एक कविता कमी छापा, चालंल.

एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)