‘योक’चा बाप ‘युग’ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजी ‘योक’ (yoke, बैलांच्या मानेवरचे जू) हा शब्द संस्कृत ‘युग’वरून आला, असे रविवार पुरवणीतील लेखात ठामपणे म्हटले आहे. नाते आहे, पण ते बाप-लेकाचे नाही, चुलत भावंडांचे आहे.

जुवाला संस्कृतात युग, लॅटिनमध्ये इउगुम, ग्रीकमध्ये झ्युगॉन, इंग्रजीत योक. यांची तुलना करून भाषाशास्त्रज्ञ त्यांचे पूर्वरूप ‘*युगोम्’ असे मांडतात. तारकेचा अर्थ, हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही. त्यामागचा धातू ‘जोडणे’ या अर्थाचा, म्हणजे आपला ‘युज्’.

खरी गोम ‘योक’मधल्या ‘क’मध्ये आहे. इंग्रजी या भाषाकुलाच्या ज्या जर्मानिक शाखेची, तिच्यात मूळच्या ‘ग’चा ‘क’ होतो आणि ‘द’चा ‘ट’ (द्वि–टू, दश–टेन). जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नियम मांडला. संस्कृतातून खरोखर गेलेला शब्द बघायचा तर ‘योगा’ बघा. तो अलीकडचा उसना, म्हणून त्यातला ‘ग’ शाबूत आहे. (आता तोच शेवटी काना लावून आपल्याकडे परत आलाय, ते असो.) त्याच धातूचे ‘जॉइन’ इंग्रजीत फ्रेंचमार्गे आले, ‘झायगोट’ (फलित अंडपेशी) ग्रीकवरून घडवले. एकाच भाषेत एका धातूचे शब्द इतक्या वाटांनी आलेले असताना सगळे संस्कृतच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

आपले ‘जू’ही नियमानेच झाले. आरंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला, जसे यात्रा–जत्रा, आणि मधला ‘ग’ गळाला. इटालियनमध्येही इउगुमचे ‘जोगो’ झाले, पण दोन्हीकडचा ‘ज’ हा निव्वळ योगायोग. (हा शब्दही ‘युज्’चाच!)

नुसत्या सारखेपणावर जाऊ नये. लॅटिन ‘देउस’ आणि ग्रीक ‘थेऑस’ या दोन्हींचा अर्थ देव, दिसायलाही सारखे, तरी मुळे वेगळी. आपल्या ‘देव’चा भाऊ फक्त ‘देउस’.

या भाषांचा समान उगम बहुधा आज अस्तित्वात नसावा, असे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ मध्येच कोलकात्यात म्हणाले होते. पुढे १९१५ मध्ये झेक विद्वान ह्रोझ्नीने हित्ती या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेचा उलगडा केला. इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या तिच्या मृत्तिकापट्टिकांतही जुवाला ‘युकान’ म्हटले आहे. तेही ‘युग’वरूनच आले, असे लेखकांचे म्हणणे आहे काय? त्यांनी खुलासा करावा आणि पुढच्या लेखांत ‘*युगोम्’सारखी कल्पित रूपे तारकेसह छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक