वाघळं हाकलून निपाह जात नाही

मा. संपादक,
स. न.

वटवाघळांकडून माणसांत येणारा निपाह हा जीवघेणा विषाणू आपल्या उंबरठ्यावर आल्याची कालची पहिल्या पानावरची बातमी वाचली. आपला अंक आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो, म्हणून हक्काने लिहितो. उंबरठा कसला? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्येच घेतले होते. त्यांत निपाहची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणू अंगात येऊन गेल्याची खूण, आढळल्याचे जून २०२१ मध्ये जाहीर झाले. तेव्हा राज्यात या आजाराचा एकही रुग्ण नव्हता.

पण त्या जूनमध्ये अशाच एका मथळ्याने आमच्या गावात जे घडले ते मी विसरू शकत नाही. ओढ्याकाठच्या जुन्या चिंचांवर माझ्या आजोबांच्या आधीपासून वाघळांची वस्ती होती. बातमी आली आणि पोरांनी झाडांखाली चार रात्री सुतळी बॉम्ब लावले. पोटाशी पिलं धरलेल्या माद्या उडाल्या, पिलं खाली पडली. सकाळी लहान मुलं ती उघड्या हातांनी उचलत होती, कुत्री तोंडात धरून अंगणात आणत होती. इतक्या वर्षांत गावात कुणी वाघळाला हात लावला नव्हता. त्या आठवड्यात निम्म्या गावाने लावला. मी ओरडत होतो, पण पेपरात छापून आलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

ऑस्ट्रेलियात निपाहच्याच जातकुळीतल्या हेंड्रा विषाणूच्या बाबतीत अभ्यासकांना हेच दिसले आहे. रान तुटले, खायला मिळेनासे झाले की वटवाघळे माणसाच्या वस्तीजवळ येतात आणि उपाशी, त्रासलेल्या जनावराकडून विषाणू जास्त बाहेर पडतो. बांगलादेशात निपाह खजुरीच्या कच्च्या रसातून माणसांत येतो, कारण रात्री उघड्या मडक्यात वटवाघळे तोंड घालतात, मुततात. आपल्याकडेही शिंदीला मडकी लागतात. ती झाकून ठेवा, कुरतडलेले फळ खाऊ नका, एवढे दोन शब्द कालच्या बातमीत कुठेही नव्हते.

आणि दवाखाने? २०१८ मध्ये केरळात कोझिकोड-मलप्पुरम भागात निपाहने १७ जण गेले. त्यांतल्या बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली. लिनी पुथुस्सेरी ही परिचारिका रुग्णसेवा करतानाच गेली. माझी मुलगीही परिचारिका आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या वॉर्डात हातमोजे संपले, ते पंधरा दिवस आले नाहीत. तिने स्वतःच्या पगारातून दोन खोकी आणली. यावर एकदा पहिल्या पानावर लिहा, ही कळकळीची विनंती.

आमच्या चिंचा तेव्हापासून रिकाम्या आहेत. वाघळं आता शाळेमागच्या जांभळावर बसतात. जूनमध्ये मधल्या सुट्टीत मुलं त्याच झाडाखाली जांभळं वेचून खातात.

— एक वाचक, ता. वाई, जि. सातारा