कोऱ्या कागदानंतर

हॅम्बुर्ग,
14 जून

तीर्थरूप आबा व आईस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मुक्ताईची पालखी एव्हाना बुलढाण्याच्या वाटेला लागली असेल आणि गुडघ्यामुळे यंदा घरी थांबावे लागल्याने आबांची चिडचिड आईला सोसावी लागत असेल, हे इथे बसूनही दिसते.

नोकरी सोडून साधनेसाठी कायमचा परत येतो, असे मी मार्गशीर्षात कळवले होते. त्यावर आबा, तुम्ही एकच ओळ लिहिलीत, "साधनेसाठी येतोस की कामाला कंटाळून येतोस, ते आधी कळव." उत्तरासाठी मी तीनदा कागद घेतला आणि तिन्ही वेळा तो तसाच राहिला. ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरेच पत्र धाडले, आणि चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली, ही कथा तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवाच्या देवळात तुम्हीच मला सांगितली होती. चांगदेवांना त्या कागदावर पासष्ट ओव्यांचे उत्तर तरी मिळाले. माझ्या कोऱ्या कागदावर तुम्ही काय बोलला असता, याचा अंदाज असल्याने तो मी पाठवला नाही.

आता खरे लिहितो. इथल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात पहाटे चारला घंटा होई आणि दिवसाकाठी दहा तासांवर बैठक असे. सहाव्या दिवशी डोळे मिटून बसल्या बसल्या मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा लिहीत होतो, आणि तोही इतका तल्लीन होऊन की बैठक संपल्याची घंटा मला ऐकू आली नाही. ज्याला मी वैराग्य समजत होतो त्यात साहेबांवरचा राग बराच होता. लोकांनी गरज नसलेल्या वस्तूही विकत घ्याव्यात म्हणून मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठे ठेवावे, हे ठरवण्यात माझी चार वर्षे गेली. त्या कामाचा वीट येण्यासाठी अध्यात्माची गरजच नव्हती.

शिबिरानंतर मला वारंवार आठवली ती आपल्या मळ्यातली संध्याकाळ. आबा ठिबकचा फिल्टर उघडून जाळी ब्रशने घासत, नळ्यांची टोके सोडून गढूळ पाणी वाहू देत, स्वच्छ धार आली की टोके पुन्हा बंद करत आणि हात धुऊन तिथेच बांधावर हरिपाठाला बसत. लहानपणी मला वाटे, की आधीचे ते काम आणि नंतरची ती भक्ती. तुम्ही मात्र फिल्टर घासतानाही तितकेच गप्प आणि तितकेच मन लावून असायचात, हे माझ्या ध्यानात यायला एवढा काळ जावा लागला.

अमळनेरला कॉलेजात असताना तत्त्वज्ञान मंदिरावरून रोज जायचो, पण एका गिरणीमालकाने, प्रतापशेठांनी, 1916 साली ते का काढले असावे, असा प्रश्न कधी पडला नाही. अर्थात त्यांच्यापाशी गिरणी होती आणि आपल्यापाशी सोसायटीचे कर्ज आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणत नाही.

तर ठरले ते असे. मी परत येत नाही, पण ही नोकरी सोडतो. शहराच्या पाणीपुरवठ्यात, जमिनीखालच्या जुन्या नळांची गळती शोधण्याच्या विभागात मला जागा मिळते आहे. पगार चौथ्या हिश्श्याने कमी, पण संध्याकाळी पाचनंतर वेळ माझा. पहाटे तासभर बसतो, ते चालू राहील. मन तिथेही भटकेल, हे गृहीत धरले आहे; कामाला कंटाळलो तर या वेळी तसेच कळवीन, देवाचे नाव पुढे करणार नाही.

आई, तुला वाटेल की शिकून-सवरून पोरगा नळच शोधायला गेला. तसेच आहे.

अडचण एकच. विहिरीच्या कर्जाचा हप्ता पुढचे वर्षभर मला निम्माच पाठवता येईल, आणि मेच्या वादळात आडवी झालेली केळी पाहता उरलेला निम्मा तुम्हाला जड जाईल. तो पेलणार नसेल तर स्पष्ट लिहा, मी याच नोकरीत आणखी एक वर्ष काढीन. सही 30 तारखेपर्यंत करायची आहे, म्हणून या खेपेला एका ओळीत भागवू नका.

आपला आज्ञाधारक,
मोठा