दक्षिण सुदानहून आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मेळघाटात, गडचिरोलीत सर्जन मिळत नाहीत, मग तुला दक्षिण सुदानच कशाला हवे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मेळघाटातल्या रुग्णाला, कितीही हाल झाले तरी, अमरावती गाठायची वाट तरी असते. इथे बेंतिऊच्या आसपास पावसाळ्यात रस्तेच पाण्याखाली जातात, आणि डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटल्यानंतर बेंतिऊ, मलाकाल, लेअर इथली रुग्णालयेही लुटली गेली होती. गोळी लागलेल्या माणसाला नातेवाईक मजल दरमजल करत झोळीतून आणतात.

तुम्हाला वाटते तसे आम्ही दिवसभर गोळ्या काढत बसत नाही. अडलेल्या बाळंतिणींची सिझेरियनेही सर्जनलाच करावी लागतात. गोळी तर पुष्कळदा आतच राहू देतो, कारण जिवावर उठते ती तिच्या वाटेतली, माती आणि कपड्याच्या चिंध्यांनी घाण झालेली जखम. चिमट्यात धरल्यावर जो स्नायू आकसत नाही आणि कापल्यावर ज्यातून रक्त येत नाही, तो मेलेला समजून काढून टाकायचा, आणि मग टाके न घालता, वर जाड ड्रेसिंग बांधून, जखम चार-पाच दिवस तशीच ठेवायची. आधीच शिवली तर आत पू धरतो. पुण्यात सुबक टाक्यांसाठी शाबासकी मिळवलेल्या हातांना हे फार जड जाते.

आई, बाबा लहानपणापासून मला डॉ. कोटणीसांचे उदाहरण देत आले आणि तू दर वेळी "ते परत आले नाहीत" एवढेच म्हणालीस. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, वडील वारले तरी परतले नाहीत, आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच आजारपणात गेले, हे खरेच. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि तशी माझी इच्छाही नाही. इथे सर्जनला रात्रंदिवस ड्यूटी असते, म्हणून आमची मदत संस्थाच त्याला फार दिवस ठेवत नाही.

धोका नाही असे मात्र मी लिहिणार नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला, त्यात ४२ माणसे गेली, आणि रुग्णालयाचे ठिकाण लढणाऱ्यांना आधीच कळवलेले होते. तेव्हा युद्धात रुग्णालयांना संरक्षण देणाऱ्या जीनिव्हा करारावर मी फारशी विसंबून नाही. आमचा खरा आधार हा, की बंदूक फाटकाबाहेर ठेवल्याशिवाय कोणालाही आत घेत नाहीत, आणि दोन्ही बाजूंचे जखमी एकाच वॉर्डात असतात.

फोन लागला नाही तर बहुधा नेटवर्क गेलेले असेल. संस्थेच्या कचेरीचा नंबर दादाकडे आहे. टीव्हीवर काही पाहिलेत तर आधी त्याला विचारा.

तुमची,
धाकटी