पडद्यामागचा तंबोरा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत एकट्या सॅक्सोफोनच्या आधुनिक पाश्चात्त्य रचनांना ‘सुरांची मोडतोड’ म्हटले आहे. मी मिरजेचा. तीस वर्षे बँडात, वरातीपुढे ऑल्टो सॅक्सोफोन वाजवला. मोडतोड कशाला म्हणतात ते ‘नागीण’ तासभर वाजवलेल्या माणसाला विचारा!

नातवाने मोबाइलवर लुचिआनो बेरिओ या इटालियन संगीतकाराची ‘सेक्वेन्झा सात-ब’ ऐकवली. मूळ रचना 1969 ची, ओबो (सनईच्या जातीचे पाश्चात्त्य वाद्य) वाजवणाऱ्या हाइन्झ होलिगरसाठी. पुढे क्लोद देलांगल यांनी ती सोप्रानो सॅक्सोफोनवर आणली. पहिल्या दोन मिनिटांत मीही वैतागलो. मग लक्षात आले, मागे एक सूर अखंड लागलेला आहे. तो वाजवणारा प्रेक्षकांना दिसायचा नाही, अशीच सूचना आहे म्हणे. आमच्या गल्लीत तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे घोडीवरच्या तारांचा झंकार, लावून घेतात, तो आवाज ऐकत वाढलेल्याला हे परके कसे वाटेल?

फरक आहेच. आपण षड्जावर परत येतो, विसावतो. इथे वादक त्याच सुराला बोटे बदलून पुन्हा पुन्हा डिवचतो. पट्टी तीच, रंग वेगळा. ओठ आणि रीड (तोंडातली फुंकायची पातळ पट्टी) सांभाळून हे करताना काय दम लागतो, ते फुंकणाऱ्यालाच कळते. मूळ ओबोचा तो सूर ‘बी’, जर्मनीत त्याला ‘एच’ म्हणतात; होलिगरचे आद्याक्षर.

लेखकाने तंबोऱ्याच्या कानाने एकदा ऐकावे. सात-आठ मिनिटांचेच काम आहे.

– एक निवृत्त बँडवाला, मिरज