धायरीचं घर

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई आधी "जेवलीस का?" विचारते आणि मग सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे. धायरीचा फ्लॅट विकला. साठेखत नोंदवून झालं, बँकेचं कर्ज फिटलं की खरेदीखत. मंगळुरूच्या नोकरीचं तुम्हाला माहीतच आहे, जूनच्या आधी रुजू व्हायचं आहे. तुम्हाला आधी विचारलं असतं तर बाबा "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणाले असते आणि पुढचे आठ दिवस रात्री उठून पाणी पीत बसले असते. म्हणून ठरल्यावरच सांगायचं ठरवलं.

भाड्याने का नाही दिला, हे आत्या तोंडावर विचारेल आणि तुम्ही मनातल्या मनात. सगळा हिशेब करून बघितला. हप्ता ३८ हजार, भाडं मिळून मिळून १९. वर मेंटेनन्स, दर अकरा महिन्यांनी नवा करार, भाडेकरूची पोलीस पडताळणी, आणि नळ गळला की मी मंगळुरूला बसून धायरीतला प्लंबर शोधायचा. शिवाय तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. मागच्या खेपेला बाबा प्रत्येक मजल्यावर थांबून "वा, काय हवा आहे इथे" म्हणत होते. जिन्यात कसली आली आहे हवा, बाबा?

सूची दोनची, म्हणजे साठेखताच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत सोबत आहे. बाबांनी चष्मा लावून तपासावी, म्हणजे मलाही बरं वाटेल. घेणाऱ्यांनी १ टक्का टीडीएस कापून भरायचा आहे. विक्रीच्या नफ्यावर कर आहे, पण दोन वर्षांत दुसरं घर घेऊन नफा त्यात घातला तर तो लागत नाही. तोवर ती रक्कम बँकेत कॅपिटल गेन्सच्या खात्यात राहील. म्हणजे आपलं घर गेलं असं धरू नका, नवं यायचं आहे.

आई, आता तुझ्याशी. हा फ्लॅट घेताना पाटल्या मोडल्यास आणि काचेच्या बांगड्या भरून आलीस. म्हणालीस, सोन्याने मनगट दुखतं हल्ली. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं! नव्या पाटल्या करायला टाकते आहे. माप जुनं देऊ नकोस, हात बारीक झालेत तुझे. आणि बाबांच्या फंडातले पैसे तुम्हा दोघांच्या नावे ठेवीत टाकते आहे. ही परतफेड बिरतफेड नाही हो, लगेच तोंड पाडून बसू नका. गुडघ्याचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी बघू" करत तुम्ही ढकलताय, त्याची ही सोय.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे मला झोप लागत नव्हती. एकवीस साली चिपळूणच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाळ्यात तुम्ही धायरीला येता. ते बंद होणार नाही, फक्त आता मंगळुरूला यायचं. भाड्याचं घर बघून ठेवलंय. पहिला मजला, लिफ्ट, आणि वस्ती चढावर. पाऊस चिपळूणइतकाच, पण पाणी उताराने निघून जातं, मी मुसळधार पावसात उभी राहून बघून आले. बाजारात उकडा तांदूळ मिळतो, बांगडे ताजे. बरेच जण कोकणी बोलतात, तेव्हा आई भाजीवाल्याशी घासाघीस करू शकेल. बाबांनी धायरीच्या बाथरूममध्ये स्वतः ड्रिल मारून बसवलेला तो तिरका दांडा मी काढून घेतलाय. तिकडे मिस्त्रीकडून सरळ बसवून घेईन, रागावू नका.

प्रवासही सोपा. कुंभार्ली घाट नाही, आईच्या उलट्या नाहीत. रात्री चिपळूणला मत्स्यगंधा एक्स्प्रेसमध्ये बसायचं की सकाळी मंगळुरू. बाबांचा एसटीचा पंचाहत्तरीनंतरचा फुकट प्रवास आणि आईचं अर्धं तिकीट बुडणार, हे मला कळतं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यावर बाबांनी वाटेल तेवढं बोलावं, पण गाडीत बसून. तिकिटं ६० दिवस आधी निघतात. खालचे दोन बर्थ हवेत, तेव्हा तारीख या रविवारी कळवा. "बघू" चालणार नाही.

लहानपणी अंगणात पाणी चढलं की बाबा मला खांद्यावरून माळ्यावर ठेवायचे आणि आई वर बिस्किटांचा पुडा द्यायची. मला ती सहल वाटायची. तुम्ही दोघं खाली गुडघाभर पाण्यात काय उचलत होतात, ते कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. आता माळ्यावर तुम्ही बसायचं आणि उचलाउचल मी करायची, इतकंच माझं म्हणणं आहे.

तोवर ऐका. कागदपत्रं आणि बँकेची पुस्तकं मे महिन्यातच प्लास्टिकच्या डब्यात घालून वर ठेवा, पण बाबांनी शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या मुलाला हाक मारायची. बहादूरशेख नाक्यापर्यंत नदीचं पाणी बघायला जायचं नाही. बीपीची गोळी उपासालाही घ्यायची, आई, साबुदाण्याशी तिचं काही वाकडं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, दादा गाडी घेऊन येईल, त्याला परत पाठवू नका.

धायरीच्या स्वयंपाकघरातलं तुझं सगळं मी बांधलंय, आई. लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून माझ्या मांडीवर येणार, ट्रकमध्ये नाही. पाटा मात्र नेता येत नाही, तो घेणाऱ्यांच्या आजींनी आनंदाने ठेवून घेतला. चालेल ना?

तुमची,
मनू

ता. क. आत्याला मीच फोन करून सांगणार आहे. तुम्ही आधी सांगू नका, नाहीतर ती किंमत विचारेल आणि बाबा खरी सांगून टाकतील.