सुलेमानियेचं मस्टर

सोलापूर,
२ मे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इस्तंबूलहून परत येऊन आठ दिवस झाले. परवा फोनवर सांगायला घेतलं, तेवढ्यात तुझ्याकडे काँक्रीटची गाडी आली आणि बोलणं तिथेच राहिलं. म्हणून आज सकाळी कागद घेऊनच बसलो. तू विचारलं होतंस, निळी मशीद पाहिली का? पाहिली. आया सोफिया, ती पूर्वी चर्च असलेली जुनी मशीद, तीही पाहिली. पण दोन्हीकडे गर्दी इतकी की मान वर करून उभं राहायला उसंत नाही. माझा जीव अडकला तो सुलेमानिये मशिदीत, आणि ती आमच्या सहलीच्या कार्यक्रमात नव्हतीच. शेवटची दुपार मोकळी होती, तेव्हा आई आणि मी दोघंच गेलो.

चढ चांगलाच दम काढतो. आई दोनदा बसली. जुन्या शहराच्या टेकड्यांपैकी तिसरीच्या माथ्यावर ही मशीद आहे. मागच्या कट्ट्याशी उभं राहिलं की खाली गोल्डन हॉर्नची खाडी, तिच्यावरचे पूल, ये-जा करणाऱ्या बोटी, सगळं दिसतं. बाहेरूनच मी मिनारांचे सज्जे मोजले. दोन उंच मिनारांना तीन-तीन, दोन ठेंगण्यांना दोन-दोन, मिळून दहा. ही मशीद बांधवून घेणारा सुलेमान हा तुर्कांच्या उस्मानी घराण्यातला दहावा सुलतान, म्हणून दहा सज्जे. आणि तुर्कांनी हे शहर जिंकल्यानंतरचा चौथा, म्हणून मिनार चार, असं सांगतात.

१५५० मध्ये काम निघालं, १५५७ मध्ये मशीद उघडली. बांधणारा मिमार सिनान. मिमार म्हणजे वास्तुकार. कायसेरीजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती घरात जन्मलेला मुलगा. सुलतानाच्या भरतीत त्याला घरातून नेलं, मुसलमान केलं, सुतारकाम शिकवलं, फौजेत घातलं. मोहिमेवर असताना त्याने नद्यांवर पूल बांधून दिले. मुख्य वास्तुकार झाला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, आणि १५८८ मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. ज्या राज्याने त्याला आईबापांपासून तोडलं त्याच राज्याला त्याने एवढं सुंदर काही दिलं. ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही. तुला सांगतो इतकंच.

बूट काढून आत गेलो. आईने डोक्यावरून ओढणी घेतली. गालिच्यावर बसलो आणि वर पाहिलं. तुला आठवतं, तू दुसरीत असताना तुला विजापूरचा गोल घुमट दाखवला होता? वरच्या सज्जात जाऊन तू "आई" म्हणून ओरडलीस आणि तो "आई" परत परत येत राहिला. तू घाबरून माझ्या पोटात तोंड लपवलंस. तो आपला घुमट या घुमटापेक्षा कितीतरी रुंद. याचा व्यास साडेसव्वीस मीटर, उंची जमिनीपासून त्रेपन्न मीटर. पण इथे कुणी बोललं तर घुमत नाही. आमच्यापासून तीसेक पावलांवर एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून हळू आवाजात पठण करत होते. मला शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण प्रत्येक शब्द सुटा ऐकू येत होता. घुमटाच्या बांधकामात तोंड आतल्या बाजूला ठेवून मातीची पोकळ भांडी बसवली आहेत, ती आवाज सांभाळतात. सिनान मशिदीत हुक्का घेऊन बसला होता आणि पाण्याची गुडगुड कुठवर पोचते ते ऐकत होता, अशी एक गोष्टही तिथे ऐकायला मिळते. मला ती पटली नाही. तंबाखू त्या देशात पोचली ती सिनान गेल्यानंतर. भांड्यांची गोष्ट पुरेशी आहे.

तुला इंजिनिअर म्हणून जे आवडेल ते वेगळंच. घुमटाचा भार चार जाडजूड खांबांवर आहे, पुढे-मागे दोन अर्धे घुमट त्याला रेटून धरतात. हा आराखडा आया सोफियाचाच. पण बाजूचा रेटा झेलणाऱ्या भिंती सिनानने अशा बेतल्या की त्यांचा काही भाग आत येतो, काही बाहेर जातो, आणि मधल्या जागेत सज्जे घातले. बघणाऱ्याला सज्जा दिसतो, टेका दिसत नाही. मी बाहेर येऊन पुन्हा आत गेलो, नुसतं हे कुठे लपवलंय ते शोधायला.

आणि काजळीचं तर ऐकच. तेव्हा उजेडाला तेलाचे दिवे असायचे, शेकड्यांनी. एवढ्या दिव्यांची काजळी भिंतींवरच्या अक्षरांवर बसली असती. सिनानने हवेचा ओघ असा खेळवला की काजळी मुख्य दरवाजावरच्या एका छोट्या खोलीत जाऊन साचायची, आणि ती खरवडून तिची शाई करायचे. दारात उभा राहून मी त्या बाजूला बघत होतो, तेव्हा पाहुण्यांना माहिती सांगणारी एक विद्यार्थिनी जवळ आली. मी कोण, काय काम करायचो, असं विचारलं. मी म्हटलं, बांधकामावर हजेरी लिहायचो. ती हसली आणि म्हणाली, मग तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी.

या मशिदीचं मस्टर शिल्लक आहे, मुक्ता.

साडेचारशे वर्षांहून जुन्या बांधकामाच्या हिशोबाच्या वह्या. कुठल्या आठवड्यात किती पाथरवट, किती गवंडी, किती सुतार, किती लोहार, कोण कुठून आला, किती दिवस भरले, किती रोज मिळाला. ओमेर लुत्फी बारकान नावाच्या तुर्की इतिहासकाराने त्या वह्या वाचून छापल्या. त्यावरून कळतं की कारागिरांत जवळपास निम्मे ख्रिस्ती होते. मशीद मुसलमानांची, तिचा दगड घडवणारे हात दोन्हीकडचे. एकूण कामकऱ्यांत निम्म्याहून जास्त मजुरीवर आलेले मोकळे लोक, बाकीचे बहुतेक फौजेत भरती होण्याआधी कामाला लावलेली पोरं. आणि थोडे, शंभरात पाचाच्या आसपास, गलबतांवर वल्ही मारणारे गुलाम. तेही हिशोबात आहेत. ते मुद्दाम लिहितोय, कारण सुंदर इमारतीची गोष्ट सांगताना माणसं ते गाळतात.

बारकानच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला तो १९७२ साली. बहात्तर म्हटलं की आपल्या घरात काय आठवतं, ते तुला माहीत आहे. त्या वर्षी तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी बारा वर्षांचा. मिलोची लाल भाकरी नि दुपारी कामावर मिळणारी सुकडी, हेच आमचं जेवण. शनिवारी पगार. आजीला लिहिता येत नव्हतं. मुकादम नाव पुकारायचा, ती पुढे जायची, आणि डाव्या अंगठ्याला शाई लावून मस्टरवर टेकवायची. खडीने अंगठ्यावरच्या रेघा झिजल्या होत्या. ठसा म्हणून नुसता निळा डाग उठायचा. कारकून वैतागून परत उठवायला लावायचा. मी तिच्या पदराला धरून ते पाहिलंय.

पुढे मी स्वतःच रोजगार हमीच्या कामावर हजेरी कारकून झालो. सांगोल्याकडे एका पाझर तलावावर. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. एका आठवड्यात एका बाईचे दोन दिवस माझ्याकडून लावायचे राहिले. ताप नव्हता, घाई नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. नुसतं लक्ष नव्हतं. ती पगाराला मूल काखेत घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझं सहा दिवस भरलं." मी वही तिच्यापुढे केली, जसं काही तिला वाचता येणार होतं, आणि म्हटलं, "इथं चारच आहेत." बरोबरच्या बायांनी सांगितलं तेव्हा मला आठवलं. पुढच्या पगारात दुरुस्ती केली. पण त्या आठवड्याचं तिचं दळण अडलं ते अडलंच. त्यानंतर मी कधीही संध्याकाळी आठवून हजेरी लिहिली नाही. कामावर फिरत, माणूस समोर बघून, नाव विचारून लिहिली. साहेबलोक हसायचे. तुझी आजी नाही हसली. तिला मी हे सांगितलं होतं, त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

तर मी त्या मशिदीच्या दारात उभा होतो आणि डोळ्यांपुढे हे सगळं. आई म्हणाली, "चला, भूक लागलीय," म्हणून निघालो.

मशिदीभोवती नुसती प्रार्थनेची जागा नाही, अख्खं एक गाव वसवलंय. मदरसे, वैद्यकाची शाळा, दवाखाना, हमामखाना, वाटसरूंची सराय, आणि गोरगरिबांना जेवू घालणारा मुदपाकखाना. मदरशांच्या पुढच्या रांगेत आता खाणावळी आहेत. तिथे पांढऱ्या राजम्याची उसळ आणि भात मिळतो, सोबत मिरचीचं लोणचं. आईने मटण नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं, मग दोन वाट्या खाल्ल्या. तिला आपल्या घेवड्याची आठवण आली.

सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी मागच्या बागेत आहेत. हुर्रेम आजच्या युक्रेनच्या बाजूची, गुलाम म्हणून आणलेली. सुलतानाने तिच्याशी रीतसर लग्न केलं, ते त्या काळी फार मोठं आश्चर्य होतं. तिथे गर्दी होती. आम्ही लवकर निघालो, कारण मला सिनानची कबर पाहायची होती. ती आवाराच्या भिंतीबाहेर, उत्तरेच्या कोपऱ्यात, दोन रस्त्यांच्या बेचक्यात आहे. छोटी, पांढरी, कोपऱ्यावर पाणपोई. जाळीतून आत बघता येतं. शिलालेख त्याच्या कवी मित्राने लिहिलाय, आणि त्यात इतक्या मशिदी सोडून आवर्जून उल्लेख आहे तो इस्तंबूलजवळच्या ब्युयुकचेकमेजेच्या पुलाचा. सरोवराच्या तोंडावर एकापुढे एक चार तुकड्यांत जोडलेला पूल, १५६७ साली पुरा झाला. पुलावर काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते तू ओळखशील.

सिनानने म्हातारपणी याच मित्राला आपली हकिगत सांगितली. त्यात आहे, की घुमट उभा राहायचा नाही असं कुणीतरी सुलतानाच्या कानात भरलं. सुलतान चिडून कामावर आला. सिनान म्हणाला, दोन महिन्यांत देतो. दिला. आणि उद्‌घाटनाच्या दिवशी सुलतानाने दाराची किल्ली त्याच्याच हातात ठेवली, तू उघड म्हणून.

अजून एक. सुलेमानियेचा पाया पडला त्याच्या आदल्याच वर्षी, १५४९ मध्ये, आपल्या अहमदनगरात एक प्रचंड तोफ ओतली गेली, जी तू विजापूरच्या बुरुजावर पाहिलीस, तीच मुलूख मैदान. ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद, पुढे 'रूमी'. म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. दिवाळीत येशील तेव्हा परत विजापूरला जाऊ. आता मला ती नीट बघायचीय.

तुझ्या साइटवर आता अंगठ्याचं मशीन आहे, ते मी मागच्या खेपेला पाहिलं. स्लॅबवर पाणी मारणारी एक बाई त्यावर चार-चारदा अंगठा लावत होती आणि मशीन घेत नव्हतं. मी तिच्याशी बोलणार होतो, पण तू बोलावलंस आणि राहून गेलं. हिरवं पातळ होतं, कपाळावर गोंदण. तिचं नाव विचारून मला कळव. आणि मशीन तिची हजेरी घेतं का, तेही.

जेवणाच्या वेळा सांभाळ. आईने तुझ्यासाठी तिथून सुके अंजीर आणलेत, या आठवड्यात पाठवतो.

तुझे,
बाबा